मनगटाला शोभेल असे घड्याळ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा सांगलीचा भाचा एके दिवशी सकाळच्या गाडीने पुण्याला आला आणि चहा होण्याआधीच त्याने खिशातून एक घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवले. "मामा, एवढे बघून सांगा," इतकेच तो म्हणाला. घड्याळ देखणे होते. तबकडीवर एका नामांकित स्विस कंपनीचे नाव होते, सोबत जड पेटी होती, क्रमांक घातलेले कार्डही होते. दुकानात तीन लाखांच्या घरात मिळणारे हे घड्याळ एका ओळखीच्या गृहस्थाने 'दुबईहून आणलेले' म्हणून त्याला एक लाख दहा हजारांना दिले होते. पैसे रोख, बिल नाही.

मी तबकडीकडे अर्धा मिनिट पाहत राहिलो. कार्डावर ते ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे घड्याळ असल्याचे छापले होते. सेकंदाचा काटा मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा एकेक सेकंदाला उडी घेत होता. ऑटोमॅटिक घड्याळाचा काटा असा चालत नाही. तो सेकंदाला सहा-आठ बारीक पावले टाकतो आणि त्यामुळे सरकत गेल्यासारखा दिसतो. मनात शंका आली, म्हणून आम्ही माझ्या नेहमीच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले. आत बोटाच्या पेराएवढे, सेलवर चालणारे एक हलके यंत्र होते आणि उरलेली जागा प्लॅस्टिकच्या कड्याने भरून काढली होती. त्या गृहस्थांचा फोन त्या दिवशी लागला नाही, पुढेही लागला नाही.

भाच्याला पैशांपेक्षा दुसरीच चिंता होती. माझे मेहुणे, ज्यांना आम्ही सारे दाजी म्हणतो, त्यांची सांगलीत हळदीची पेढी आहे. मसाल्याच्या कंपन्या, निर्यातदार, बँका यांच्याकडे जाण्याचे काम त्यांनी त्या वर्षापासून मुलाकडे सोपवले होते. चारचौघांत बसताना मनगटावर चांगले घड्याळ असावे, असे मुलाला वाटले. दाजींनी ते साफ नाकारले होते. "वेळ मोबाईलवर दिसते आणि हळदीचा भाव घड्याळ बघून ठरत नाही," हे त्यांचे उत्तर. म्हणून मुलाने स्वतःच्या बचतीतून, घरात न सांगता हा व्यवहार केला होता.

"पप्पांना तुम्हीच सांगा," असे तो म्हणत होता. मी सांगितले, की बोलायचे त्यानेच. मी फक्त शेजारी बसेन. पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला गेलो. दाजींनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आपण पोत्याला भाव लावत नाही. लाखाचा माल न मोडता घेतलास?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घड्याळ घ्यायचेच असेल तर तुम्ही बरोबर जा, बिल घेऊन या. पण त्याआधी ते कशाला हवे, हे मला पटवून द्या."

घड्याळ कशाला हवे आणि ते न मोडता पारखायचे कसे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझे पुढचे दोन महिने गेले. आपल्या समाजातील अनेक घरांत आज हीच चर्चा चालू असेल, म्हणून जे हाती लागले ते येथे मांडतो.

कशासाठी?

१९८३ साली मी बँकेत रुजू झालो, तेव्हा वडिलांनी मला एचएमटीचे 'जनता' घेऊन दिले. रोज सकाळी चावी द्यावी लागणारे, सतरा ज्वेलचे, साध्या तबकडीचे घड्याळ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेल्या त्या सरकारी कारखान्याने निदान दोन पिढ्यांना वेळ शिकवली. लग्नात जावयाला 'कांचन' मिळाले की त्याची चर्चा व्हायची. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. पण माझे 'जनता' अजून चालते.

त्या काळी घड्याळ ही गरज होती. आज ती गरज उरलेली नाही, हे दाजींचे म्हणणे खरे आहे. तरीही बैठकीत मोबाईल बाहेर काढणारा माणूस वेळ पाहतो आहे की संदेश वाचतो आहे, हे समोरच्याला कळत नाही आणि त्याचा संशय मनात राहतो. मनगटाकडे टाकलेली ओझरती नजर तेवढी खुपत नाही. इस्त्रीचा शर्ट, नीट बांधलेली फाईल आणि चालू स्थितीतले, स्वच्छ घड्याळ यांतून माणूस कामाला तयार होऊन आला आहे एवढे समजते. घड्याळाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवली की काय होते, हे मी कर्ज विभागात शिकलो, आणि चूक माझीच होती. एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यासाठी आले. त्यांच्या मनगटावर सोन्याचे भारी घड्याळ होते, बोलणे ऐटबाज होते. मी गोदामातील साठ्याची तपासणी केली, पण नेहमीइतकी काटेकोर केली नाही. वर्षभरातच ते खाते थकले. त्याच शाखेत वितळलेल्या पट्ट्याचे जुने घड्याळ घालणारे एक किराणा व्यापारी होते. हप्त्याच्या दिवशी बँक उघडण्यापूर्वी ते दारात उभे असायचे. त्यांच्या अर्जाला मात्र मी उगाच चार प्रश्न जास्त विचारले होते. घड्याळाने पत वाढेल असे मानणे म्हणजे 'पी हळद आणि हो गोरी' असाच प्रकार आहे, आणि हळदीच्या पेढीवर तरी हे वेगळे सांगायला नको. ही हकिगत दाजींना सांगितली, तेव्हा ते प्रथमच हसले.

नाकापेक्षा मोती जड नको

खरेदीची पहिली पायरी म्हणजे माप. शोरूममध्ये भाच्याच्या मनात भरले ते ४४ मिलिमीटर व्यासाचे, तीन छोट्या उपतबकड्या असलेले, सोनेरी घड्याळ. मी त्याला पूर्ण बाहीचा शर्ट घालून यायला सांगितले होते. घड्याळ कफच्या आत जाईना. हात खाली सोडला की बाही त्यावर अडकून राही.

कचेरीत आणि समारंभात घालायच्या घड्याळासाठी पुरुषांच्या सर्वसाधारण मनगटाला ३६ ते ४० मिलिमीटर व्यास पुरतो. व्यासापेक्षाही महत्त्वाची असते ती उभी लांबी, म्हणजे पट्टा अडकवण्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर. ही टोके मनगटाच्या कडेबाहेर डोकावत असतील, तर व्यास कितीही योग्य असला तरी ते घड्याळ आपले नव्हे. तिसरे माप जाडीचे. दहा मिलिमीटरच्या आतले घड्याळ कफखाली सहज सरकते. या बाबतीत आपल्या देशाने नाव कमावले आहे. टायटनने २००२ साली आणलेल्या 'एज'मधले यंत्र १.१५ मिलिमीटर जाडीचे आणि पूर्ण घड्याळ अवघे ३.५ मिलिमीटर जाडीचे होते.

तबकडी पांढरी, दुधाळ, काळी किंवा गडद निळी असावी. काटे दोन किंवा तीन. फार तर तारखेची एक खिडकी. धावण्याचा वेळ मोजणारी किंवा पाण्याखाली उतरण्यासाठी केलेली घड्याळे आपापल्या जागी उत्तम असतात, परंतु बंदगळ्याखाली ती उपरी वाटतात. आकाराबाबत घाई नको. कार्टिएचे चौकोनी 'टँक' १९१७ साली आखले गेले आणि आजही त्याच रेषांत बनते. पाटेक फिलिपचे गोल 'कालात्राव्हा' १९३२ सालचे, रोलेक्सचे 'डेटजस्ट' १९४५ सालचे. जेगर-लेकुल्त्रच्या 'रिव्हर्सो'चा संबंध तर थेट आपल्या मातीशी आहे. ब्रिटिश अंमलात हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तबकडी उलटी फिरवून झाकता येईल असे घड्याळ १९३१ साली तयार झाले. ही सर्व आपल्या आवाक्यातील नसतीलही. पण शोरूममध्ये जाऊन ती एकदा पाहावीत. नव्वद-शंभर वर्षे टिकलेली रचना डोळ्यांत बसली, की या मोसमात आली आणि पुढच्या मोसमात गेली अशी घड्याळे ओळखता येतात.

आपल्या घरांतील लेकीसुना आता पेढीचे हिशेब आणि निर्यातीची कामे सांभाळतात. त्यांच्यासाठी घड्याळ घेताना ते केवळ दागिना म्हणून पाहू नये. २८ ते ३४ मिलिमीटरची, आकडे वा खुणा स्पष्ट असलेली, चष्म्याशिवाय वाचता येणारी तबकडी कामाची.

आत काय आहे?

दाजींच्या भाषेत सांगायचे तर हळकुंड मोडून पाहण्याची ही जागा. घड्याळाची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिला क्वार्ट्झ. यात सेलच्या विजेवर स्फटिकाचा छोटा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर काटा पुढे सरकतो. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी असे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडचा जुना धंदा मुळापासून हादरला. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंदांच्या आतबाहेर राहते. दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झाले.

दुसरा यांत्रिक. यात गुंडाळलेल्या कमानीची शक्ती चाकांमधून थोडी थोडी सुटते. हाताने चावी द्यायची किंवा मनगटाच्या हालचालीने ती आपोआप भरायची, हे त्याचे दोन उपप्रकार. अनेक आधुनिक यंत्रांत ताशी २८,८०० ठोके पडतात. अचूकतेत मात्र हे क्वार्ट्झच्या मागेच राहते. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. तेव्हा लाखाचे यांत्रिक घड्याळ महिन्यात दोन-तीन मिनिटे पुढे गेले, म्हणून ते बिघडले असे समजू नये.

मग यांत्रिक का घ्यावे? कारीगरी आवडते म्हणून, आणि सांभाळले तर ते पुढच्या पिढीपर्यंत दुरुस्त होत जाते म्हणून. ज्यांना रोज वेगवेगळी घड्याळे घालायची आहेत किंवा जे आठवड्यातून एकदाच घालणार आहेत, त्यांना क्वार्ट्झ सोयीचे. कारण ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवले की बहुधा दीड-दोन दिवसांत थांबते. काही नव्या यंत्रांत ही मुदत ७० ते ८० तासांपर्यंत गेली आहे. शुक्रवारी रात्री काढलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडेल का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

काच सफायरची हवी. ओरखड्यांच्या बाबतीत हिऱ्याच्या खालोखाल टिकणारी ही काच आहे. साधी काच किल्ल्यांच्या घासण्यानेही खराब होते. तबकडीवर '३० मीटर' लिहिले असले तरी ते घड्याळ घालून पोहता येत नाही. हात धुताना उडणारे थेंब ते सोसते, इतकाच त्याचा अर्थ. 'स्विस मेड' या दोन शब्दांनाही कायद्याचा आधार आहे. यंत्र स्विस असावे, ते पेटीत बसवण्याचे काम व अंतिम तपासणी तेथेच व्हावी आणि १ जानेवारी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तेथला असावा, अशा अटी आहेत. केवळ 'स्विस मूव्हमेंट' असे लिहिले असेल, तर यंत्रच तेवढे स्विस, हे ध्यानात ठेवावे.

सोन्याबाबत एक इशारा. १८ कॅरेटवर ७५० हा शिक्का असतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये अधिकृत तपासणी झालेल्या सोन्याच्या घड्याळावर १९९५ पासून सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याच्या मस्तकाची बारीक मुद्रा उमटवतात. आपल्याकडे २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, पण घड्याळे त्या सक्तीतून वगळलेली आहेत. म्हणून सोन्याचे घड्याळ घेताना धातू कोणता, किती कॅरेटचा, हे बिलावर लिहून घ्यावे. सोनेरी दिसणारी बहुतेक घड्याळे आतून स्टीलची आणि वरून मुलाम्याची असतात. त्यात गैर काही नाही. फक्त तो मुलामा कडांवर कालांतराने झिजतो. रोजच्या वापराला साधे स्टील बरे.

पट्ट्याचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न टाळून चालत नाही. औपचारिक घड्याळाला चामड्याचाच पट्टा शोभतो, असे पाश्चात्त्य पोशाखाचे जुने संकेत सांगतात. महागड्या घड्याळांना तर वासराच्या किंवा मगरीच्या कातड्याचे पट्टे येतात. आपण ते का वापरत नाही, हे या मासिकाच्या वाचकांस सांगणे न लगे. पण विक्रेत्याला ते माहीत नसते आणि संकोचापोटी आपण बोलत नाही. बोलावे. बहुतेक चांगली घड्याळे स्टीलच्या पट्ट्यासह मिळतात. अनेक कंपन्या कापडी, रबरी वा कृत्रिम पट्टा देतात. मात्र कृत्रिम म्हणून दिलेल्या पट्ट्याला आतून चामड्याचे अस्तर नाही ना, हे विचारून घ्यावे. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर अशी सर्वत्र मिळणारी असली, की पुढे बदलणे सोपे जाते. काही घड्याळांना कंपनीचाच खास आकाराचा पट्टा लागतो. ती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्त्रियांच्या अनेक घड्याळांची मोतिया चमक असलेली तबकडी 'मदर ऑफ पर्ल'ची, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या थराची असते. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी तबकडी कशाची आहे, हेही विचारावे.

आणि ज्यांनी परिग्रहाचे परिमाण घेतले आहे, त्यांच्या घरात घड्याळ किती असावीत याचे उत्तर आधीच ठरलेले असते. उरलेल्यांनीही तो आकडा आधी ठरवावा आणि मग शोरूमची पायरी चढावी. एक चांगले घड्याळ घेतल्यावर दुसऱ्याची ओढ लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

बिल आणि हिशेब

किमतीचा अंदाज ढोबळमानाने असा. टायटनची उत्तम घड्याळे, टिसो किंवा सेको यांची बरीचशी घड्याळे लाखाच्या आत येतात. लाँजिनची बहुतांश एक ते तीन लाखांच्या दरम्यान. ओमेगा, कार्टिए, रोलेक्स यांचा विचार काही लाखांची तयारी असेल तरच करावा. वर चढत जाताना कारीगरी वाढते, तसाच नावाचा भावही वाढतो. वेळ दाखवण्याच्या कामात मात्र फरक पडत नाही.

'घड्याळ म्हणजे गुंतवणूक' असे आजकाल ऐकू येते. मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या घड्याळांना दुकानाबाहेर जास्त भाव येतो, हे खरे. करोनाच्या काळात ते भाव चढले आणि २०२२ नंतर उतरलेही. बाकी बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच घटते. आपण व्यापारी आहोत. ज्या मालाला नियमित गिऱ्हाईक नाही, तो साठा म्हणून धरू नये. घड्याळ हा खर्च आहे आणि तो खर्चाच्याच खात्यात लिहावा. तोही घरखर्चाच्या. 'पेढीच्या नावावर घेऊ, जीएसटीही वळता होईल,' असे भाचा मध्येच म्हणाला होता. घड्याळांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण स्वतःच्या वापराच्या वस्तूवरील कर पेढीच्या कराशी वळता करून घेता येत नाही. लेखापरीक्षकांसमोर मान खाली घालण्यापेक्षा दोन पैसे जास्त गेलेले बरे.

व्यवहार दोन लाखांवर गेला, तर पॅन द्यावा लागतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का आयकर उगमापाशी गोळा करतो. विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते. परदेशातून आणताना शुल्कमाफीच्या मर्यादेपलीकडचे घड्याळ विमानतळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपातील चार देशांशी, ज्यांत स्वित्झर्लंड आहे, झालेला आपला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहे. तेव्हा 'बाहेरून आणलेले स्वस्त' या आमिषात पूर्वीइतकाही दम राहणार नाही.

भाच्याच्या फसवणुकीनंतर मी एक क्रम ठरवून घेतला. विक्रेता कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, हे कंपनीच्या स्वतःच्या यादीत पाहावे. घड्याळाच्या पाठीवरचा किंवा कडेचा क्रमांक, वॉरंटी कार्डावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक, हे तिन्ही जुळवून पाहावेत. कार्डावर तारीख व विक्रेत्याची नोंद दुकानातच करून घ्यावी. नुसती पेटी आणि कार्ड हा पुरावा नव्हे. घड्याळ बनावट करणारा पेटीही बनवतो. सेकंदाचा काटा सरकत जाणारा असला, तरी तेवढ्यावरून विश्वास ठेवू नये, कारण बनावट घड्याळांत स्वस्त ऑटोमॅटिक यंत्रेही घालतात. जुने घड्याळ घ्यायचे असल्यास कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घेतल्यानंतर

यांत्रिक घड्याळाला साधारण चार-पाच वर्षांनी साफसफाई आणि तेल लागते, आणि त्याचा खर्च काही हजारांपासून वर जातो. खरेदीच्या दिवशीच तो आकडा विचारावा आणि सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का, तेही पाहावे. मोबाईलच्या चुंबकी कव्हरावर किंवा स्पीकरजवळ घड्याळ ठेवू नये. अचानक फार पुढे जाऊ लागले तर बहुधा चुंबकाचा परिणाम झालेला असतो आणि घड्याळजी तो पाच मिनिटांत काढून देतात. तारखेची खिडकी असलेल्या यांत्रिक घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी आतली चाके तारीख पुढे ढकलण्याच्या कामात गुंतलेली असतात.

बिलाची व क्रमांकाची छायाप्रत घरातील इतर कागदांसोबत ठेवावी. घराचा विमा असेल तर घड्याळाची वेगळी नोंद करावी लागते का, हे विचारावे. आणि एक सामाजिक भान. भेटीगाठीत समोरचा बोलत असताना मनगटाकडे वारंवार पाहू नये. दुःखाच्या घरी जाताना चमकते घड्याळ घरी ठेवावे.

दाजींचा निर्णय

जानेवारीत आम्ही पुण्यात घड्याळ घेतले. ३८ मिलिमीटरचे, दुधाळ तबकडीचे, स्टीलच्या पट्ट्याचे ऑटोमॅटिक. किंमत शहाऐंशी हजार. दोन लाखांची तयारी ठेवून निघालेल्या मुलाने ते स्वतःच निवडले. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "मामा, हे घातलंय हे माझ्या लक्षातच राहत नाही." यापेक्षा चांगले माप मला ठाऊक नाही.

सांगलीला गेलो, तेव्हा दाजींनी घड्याळाआधी बिल हातात घेतले. कराचा आकडा पाहिला, चष्मा लावून तिन्ही क्रमांक जुळवले. मग घड्याळ उचलून कानाशी धरले आणि डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिले, लहानपणी आमच्या वडिलांचे घड्याळ आम्ही ऐकायचो तसे. परत देताना म्हणाले, "आता पार्टीकडे वेळेवर पोहोचत जा."

ते खोटे घड्याळ त्यांनी फेकू दिले नाही. पेढीवरच्या कपाटात, हळदीच्या नमुन्यांच्या डब्यांशेजारी, ते आजही ठेवलेले आहे. कोणी नवा मुलगा कामाला लागला, की माल पारखायला शिकवताना दाजी ते बाहेर काढतात.